तीर्थन की सरयू? गाइड घेऊन फ्लाय फिशिंग: एप्रिल की ऑक्टोबर?

पाणकावळा_पुणे

आम्ही तिघे हिमालयात गाइड घेऊन फ्लाय फिशिंगला (किडा किंवा लहान मासा वाटावा असा बांधलेला गळ, म्हणजे 'फ्लाय', टाकून मासेमारी) जायचं ठरवतोय. सुट्टी दोनदाच जुळते: 18 ते 26 एप्रिल किंवा 9 ते 18 ऑक्टोबर. दोघांची लाइन 12-13 मीटरपर्यंत नीट पडते, तिसरा अगदी नवा आहे. सामान म्हणजे 5 वेटचे (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक, तो वाढला की रॉड दणकट) दोन नऊ फुटी रॉड, फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाइन आणि ट्राउटच्या थोड्या फ्लाय. मासा पकडून सोडायचा, खायचा नाही, हे नक्की.

ट्राउटसाठी हिमाचलातली तीर्थन आणि महसीरसाठी उत्तराखंडातलं पंचेश्वर मनात आहे. एक कॅम्पवाला 'मार्च ते ऑक्टोबर कधीही या' म्हणतो, दुसरा म्हणतो एप्रिल संपता संपता पाणी बिघडतं. कुणाचं धरायचं? एकाच ट्रिपमध्ये दोन्ही मासे जमतील का? आणि ॲडव्हान्स पाठवण्याआधी गाइडला काय विचारून घ्यावं?

संगमाचा_काठ

तारीख धरून नदी शोधू नका. नदीला पाणी कुठून येतं ते आधी बघा, मग तारखेचं उत्तर त्यातच मिळतं.

तीर्थनचं पाणी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातल्या उंच बर्फावरून येतं. पंचेश्वरची काली, म्हणजे महाकाली, तर हिमनद्यांच्याच पाण्याची. धौलीगंगा आणि गोरीगंगा वरच तिला मिळतात. अशा नद्या वर्षातून दोनदा गढूळ होतात: उन्हाने बर्फ वितळायला लागलं की एकदा, आणि पावसाळ्यात पुन्हा. पंचेश्वरलाच कालीला मिळणारी सरयू मात्र बागेश्वर जिल्ह्यात सरमूलला उगम पावते आणि मार्चुला-भिकियासैंणकडची पश्चिम रामगंगा दूधातोलीच्या डोंगरातून निघते. त्यांच्या उगमाशी हिमनदी नाही, पाणी झऱ्यांचं आणि पावसाचं. म्हणून एप्रिल-मेमध्ये काली दुधी राखाडी होऊन चढत असते तेव्हा या दोन नद्या आटत आणि निवळत जातात.

इथे नावाचा एक घोटाळा आहे. रामगंगा दोन आहेत. पूर्व रामगंगा नामिक हिमनदीकडून येते आणि रामेश्वरला सरयूत मिसळते. त्यामुळे रामेश्वरच्या खाली सरयूतही थोडं बर्फाचं पाणी असतं, तरी ती कालीपेक्षा पुष्कळ नितळ राहते. गाइड नुसतं 'रामगंगा' म्हणाला तर कुठली, ते विचारा. दोन्हींचे रस्ते वेगळे आणि पाणीही वेगळं.

आता मासा. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांत चढतात ना, सोनेरी महसीरचं तेच आहे, फक्त फार मोठ्या पल्ल्याचं. पावसाळ्यात तो अंडी घालायला उपनद्यांत चढतो आणि पाणी उतरू लागलं की परत मोठ्या नदीकडे येतो. म्हणून फ्लायला त्याचे दोन हंगाम: फेब्रुवारीअखेर ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला भाग. दोन्ही वेळा संगम महत्त्वाचा. पंचेश्वरला एप्रिलमध्ये कालीचं थंड गढूळ पाणी आणि सरयूचं जरा ऊबदार स्वच्छ पाणी एकमेकांना लागून वाहतं, दोन रंगांची शिवण स्पष्ट दिसते. लहान मासे स्वच्छ बाजूला असतात, महसीर शिवणीच्या गढूळ बाजूला दबा धरतो. फ्लाय स्वच्छ पाण्यात टाकून शिवणीत वाहू द्यायची.

तुमच्या तारखांना लावलं तर असं दिसतं. 18 ते 26 एप्रिल: तीर्थन बेभरवशाची, काली बिघडायला लागलेली, सरयू आणि पश्चिम रामगंगा चांगल्या. 9 ते 18 ऑक्टोबर: तीर्थन उत्तम, सरयू चांगली, काली अजून निवळतेय. तिघांत एक नवा आहे, म्हणून मी ऑक्टोबर आणि तीर्थन म्हणेन. ट्राउटला दिवसात बऱ्याच संधी मिळतात. महसीरला अख्ख्या दिवसात दोन झटके लागले तरी तो चांगला दिवस.

दोन्ही मासे एका ट्रिपमध्ये घ्यायचा मोह टाळा. तीर्थनहून पंचेश्वर म्हणजे डोंगरी रस्त्याने दोन पूर्ण दिवस, आणि रॉडही वेगळे लागतात.

देवदार

तीर्थनबद्दल थोडं खोलात जातो, कारण 'एप्रिलमध्ये पाणी खराब' हे अर्धंच खरं आहे.

हिमाचलात ट्राउटची बंदी 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असते, कारण ब्राउन ट्राउट त्या थंडीत उथळ गोट्यांमध्ये अंडी घालतो. मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हा पाणी कमी, काचेसारखं आणि फार थंड असतं. मासा तळाशी सुस्त. एप्रिलच्या मध्यापासून बर्फाचं पाणी यायला लागतं, पण ते दिवसभर सारखं नसतं. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खालच्या डोहांपर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून पाणी दुपारनंतर चढतं, संध्याकाळी रंग बिघडतो, रात्री वर गोठलं की उतरतं आणि पहाटे सगळ्यात नितळ असतं. एप्रिलमध्ये सकाळी साडेपाच ते दहा हीच वेळ. दहाला नाश्ता करून अकराला नदीवर नेणारा गाइड असेल तर तुमचे तास तिथेच गेले.

आभाळ भरलेलं राहिलं तर वितळणं कमी आणि पाणी दिवसभर चालतं. उलट, पश्चिमी विक्षोभाचा (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेचा) पाऊस खाली झाला तर एक-दोन दिवस नदी चहाच्या रंगाची. आठ दिवसांच्या सहलीतले दोन दिवस त्यात जातील असं धरूनच चाला.

पाणी मासेमारीच्या लायकीचं आहे का, हे डोळ्याने ठरवू नका. पांढरी फ्लाय रॉडच्या टोकाशी बांधून काठाजवळच्या संथ पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. 60 सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर निम्फ (पाण्याखालच्या किड्याची नक्कल करणारी फ्लाय) बिनधास्त. 30 च्या आसपास असेल तर मधली धार सोडा आणि काठापासून मीटर-दीड मीटरच्या पट्ट्यात, मोठ्या दगडांच्या मागच्या संथ कपारींत काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर (केसाळ, बुडणारी फ्लाय) 8 नंबरचा फिरवा (नंबर गळाचा, तो वाढला की गळ लहान). 15 च्या खाली असेल तर रॉड गुंडाळून ठेवा, वर एखादी स्वच्छ उपनदी सापडते का बघा. मात्र पार्कच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही, हद्द गाइडकडून नकाशावर दाखवून घ्या.

तुमचा 5 वेटचा रॉड इथे अगदी योग्य. लीडर, म्हणजे लाइनपुढचा बारीक दोरा, 9 फुटी, त्याच्या टोकाचा सगळ्यात बारीक तुकडा (टिपेट) 4 एक्स, म्हणजे साधारण 0.18 मिलिमीटर, ऑक्टोबरच्या नितळ पाण्यात 5 एक्स, 0.15. दोन निम्फ लावा: खाली 12 नंबरचा टंगस्टन मण्याचा जड, त्याच्या वर 40-50 सेंटीमीटरवर 16 नंबरचा फेझंट टेल. इंडिकेटर, म्हणजे झटका दाखवणारा तरंगता ठिपका, निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: डोह खोल असला तरी इंडिकेटर हलवत नाहीत, मग निम्फ माशाच्या डोक्यावरून जातात. दर दहा-बारा फेऱ्यांत एकदा तरी निम्फ तळाला घासलाच पाहिजे. घासत नसेल तर वजन वाढवा किंवा इंडिकेटर वर सरकवा. आणि लाइन वेगाच्या धारेवर पडून निम्फला ओढत असेल तर फ्लाय बदलून काही होणार नाही. एक पाऊल पुढे जा, रॉड उंच धरा, धारेवर कमीत कमी लाइन पडू द्या.

ऑक्टोबरमध्ये दुपारी चारनंतर पाण्यावर तरंगणारी एल्क हेअर कॅडिस फ्लाय, 14 नंबर, जवळ ठेवा.

रामबाण

ऑक्टोबर ठरवलात तर काश्मीरचा विचार सोडा, तिथला ट्राउटचा हंगाम सप्टेंबरअखेर संपतो. एप्रिल हवाच असेल तर तिथल्या लिद्दर-सिंध नद्यांचा हंगाम नुकताच उघडलेला असतो, पण तिथेही तोच बर्फाचा प्रश्न.

पाणकावळा_पुणे

पटलं. ऑक्टोबर आणि तीर्थन पक्कं करतोय. पण महसीर डोक्यातून जात नाही. पुढच्या वर्षी फक्त सरयू-पंचेश्वर करायचं तर सामान काय वाढवावं लागेल? आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस संपलेलाच असतो, असं धरू का?

संगमाचा_काठ

पावसाचं तसं धरू नका. सप्टेंबर संपता संपता मान्सून साधारणपणे मागे फिरतो, पण 18-19 ऑक्टोबर 2021 ला कुमाऊंत झालेल्या अतिवृष्टीने रस्ते तुटले आणि माणसं गेली. तारखा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याकडे ढकलता आल्या तर काली जास्त निवळलेली मिळते, मात्र पाणी गार होत जातं तसा महसीर मंदावतो. माझा कल 20 ऑक्टोबरनंतरच्या आठवड्याकडे. जायच्या-यायच्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळा दिवस ठेवा. टनकपूरहून चंपावत-लोहाघाटमार्गे अर्धा दिवस लागतो, काठगोदामहून पूर्ण दिवस. पलीकडे नेपाळ आहे, ओळखपत्र अंगावरच बाळगा.

घरी बसून नदीचा रंग बघायचा असेल तर सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवीन. त्यात एक ठिपका 10 मीटरचा असतो, म्हणून काली आणि संगमाची शिवण ओळखू येते. तीर्थन एवढी अरुंद की काही कळत नाही. मागच्या तीन-चार वर्षांची त्याच आठवड्याची चित्रं शेजारी ठेवून बघा. कॅम्पच्या वेबसाइटवरच्या फोटोंपेक्षा त्यातून जास्त कळतं.

सामान: 5 वेटवर महसीरच्या मागे लागू नका. रॉड मोडेल हा मुद्दा गौण. हलक्या रॉडवर मासा फार वेळ झुंजतो, दमून सोडल्यावर मरतो. हा मासा धोक्यात असलेल्या प्रजातींत आहे, त्याच्यावर एवढं ओझं टाकायचं नाही. 8 वेट, नऊ फुटी रॉड घ्या. रीलला खरा डिस्क ड्रॅग (मासा लाइन ओढताना लागणारा ब्रेक) आणि 30 पौंडांचं 150 ते 200 मीटर बॅकिंग (लाइनमागचा जादा दोरा) हवं. लाइन दोन: फ्लोटिंग आणि इंटरमीडिएट (सावकाश बुडणारी). टिपेट गढूळसर पाण्यात 16 ते 20 पौंड, स्वच्छ सरयूत 12. फ्लाय म्हणजे क्लाउझर मिनो आणि तत्सम लहान माशांच्या नकला, 2 ते 6 नंबर, ऑलिव्ह-पांढरा आणि तांबूस-सोनेरी. गळ जाड तारेचाच. महसीरच्या जबड्यात दात नसतात, पण घशात दाढांसारखे दात असतात आणि त्यांनी तो पातळ गळ चेपून टाकतो.

फेक धारेला आडवी, प्रवाहाच्या खालच्या दिशेला 45 अंशांत. लाइन ओढत फ्लाय धारेतून वळू द्या आणि वळण संपलं की पाच सेकंद तशीच लटकवा. पुष्कळ झटके त्याच पाच सेकंदांत येतात. झटका आला की ट्राउटसारखा रॉड उचलू नका, हाताने लाइन ओढून गळ बसवा. रॉड उचलला की फ्लाय तोंडातून निसटते. मासा पहिल्या धावेत थेट खालच्या खळाळात जातो, त्याला जाऊ द्या आणि काठाने मागे चला. पायाखाली मोकळ्या लाइनची वेटोळी ठेवू नका, बहुतेक मासे तिथेच तुटतात. आणि गळ दगडात अडकून सुटला की प्रत्येक वेळी टिपेटचे शेवटचे 50 सेंटीमीटर नखाने तपासा. खरबरीत लागलं तर कापून पुन्हा बांधा, गाठ ओली करूनच आवळा.

उजवा_किनारा

गाइडला काय विचारायचं, ते राहिलंच. माझ्या मते ॲडव्हान्स देण्याआधी हे फोनवर ऐकून भागत नाही, लेखी मागा.

पहिला प्रश्न परवान्याचा. कुठल्या पट्ट्याचा, कुठल्या तारखांचा, कुणाच्या नावावर. 'आमच्याकडे सगळं आहे' हे उत्तर चालत नाही, प्रत मागा. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतला पट्टा कुणी देऊ करत असेल तर तिथेच थांबा. कावेरीवरचे नावाजलेले मासेमारी कॅम्प याच कारणाने बंद झाले. देवळापाशी राखलेले डोहही असतात. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत जसं कुणी गळ टाकत नाही, तसं बैजनाथच्या काठावर किंवा जोगिंदरनगरच्या मच्छियालमध्येही. राखीव पाणी कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते गाइडला माहीत असलं पाहिजे.

दुसरं, तो फ्लायचा गाइड आहे का. कणकेच्या गोळ्यावर आणि स्पिनिंगवर उत्तम मासे काढून देणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना तुमची फ्लाय कशी वाहतेय ते बघायची सवय नसते. 'मागच्या हंगामात याच आठवड्यात कुठल्या फ्लायवर, किती खोलीवर मासे लागले?' असं विचारा. फ्लाय बांधणारा नंबर आणि रंग सांगेल. दोन रॉडमागे एक गाइड. तुम्ही तिघे आहात आणि एक नवा आहे, म्हणून दोन गाइड घ्या. खर्च वाढेल, पण एकच घेतला तर त्याचा अख्खा दिवस नव्या माणसाच्या गाठी सोडवण्यात जाईल.

तिसरं, पाणी बिघडलं तर काय. याचं उत्तर आधी ठरलेलं हवं: कुठल्या दुसऱ्या नदीवर किंवा उपनदीवर नेणार, त्याचा परवाना आहे का, गाडीचं भाडं कोण देणार, आणि सलग तीन दिवस पाणी वाईट राहिलं तर तारीख बदलून मिळेल की पैसे परत. यावर जो टाळाटाळ करतो, त्याला आपल्या नदीचं गणित माहीत नाही किंवा सांगायचं नाही.

बाकी गाठीशिवाय विणलेलं रबरी जाळं, काटा चेपलेले एकेरी गळ, लाइफ जॅकेट आणि थर्मामीटर आहेत का, ते विचारून घ्या. थर्मामीटर ट्राउटसाठी: पाणी 10 ते 16 अंशांत असताना तो उत्तम खातो, 20 च्या वर गेलं तर थांबायचं. सोडतानाही मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, हात ओले करूनच धरा.

देवदार

सुरक्षेचं तीर्थनपुरतं सांगतो. गुशैणी-नागिणीच्या पट्ट्यात वर मोठं धरण नाही, पण तीर्थन लारजीला बियासला मिळते आणि तिथे धरण आहे. 8 जून 2014 ला लारजीतून सोडलेल्या पाण्याने थलौटजवळ हैदराबादच्या इंजिनिअरिंगच्या 24 विद्यार्थ्यांचा जीव घेतला. त्यामुळे लारजीच्या खाली बियासच्या पात्रात उतरण्याचा बेत कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. पंचेश्वरलाही वर धौलीगंगा प्रकल्प असल्याने पाऊस नसतानाही पाणी चढू शकतं.

बर्फाच्या पाण्यात पाय सुन्न झालेले कळत नाहीत. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नका, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातला तर कमरेचा पट्टा घट्ट, आणि उतरण्याआधी परत चढायची जागा ठरवा. काठावर पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा. पंधरा मिनिटांत तो पाच सेंटीमीटर बुडाला तर लाइन गोळा करायच्या आधी बाहेर या.

आणखी एक. जुलै 2023 च्या पुरानंतर कुल्लूतल्या नद्यांचं पात्र ठिकठिकाणी बदललं आहे. त्याआधीच्या व्हिडिओत किंवा लेखात सांगितलेला अमुक डोह आज तिथे असेलच असं नाही. आदल्या दिवशी पोचलात तर संध्याकाळी रॉड न घेता गाइडबरोबर दोन किलोमीटर काठाने चाला, डोह आणि खळाळ कुठे आहेत ते बघून ठेवा.

चंदीगड-मनाली रस्त्यावर औटला, बोगद्याच्या अलीकडे उतरा. तिथून बंजार आणि पुढे गुशैणीला टॅक्सी मिळते.

पाणकावळा_पुणे

खूप आभार, सगळ्यांचे. दोन गाइड आणि लेखी उत्तरं, दोन्ही आजच मागवतो. नव्या गड्याने तोवर पुण्यात कशाची तयारी करावी?

उजवा_किनारा

रॉड घेऊन मैदानावर रोज वीस मिनिटं, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. अंतर वाढवायच्या मागे लागू नये. तीर्थनवर 8 मीटरची अचूक फेक पुरते. 8 मीटरवर ताट ठेवून दहापैकी सात वेळा लोकर त्यात पडली की पुढे रोल कास्ट (लाइन मागे न फेकता पाण्यावरून पुढे गुंडाळत टाकणं) शिकावा, कारण मागे झाडी आणि कडे असल्याने तिथे मागची फेक जमत नाही. रोल कास्टला पाणी लागतं, गवतावर लाइन पकडत नाही. परवानगी असलेल्या एखाद्या तळ्यावर चिलापीसाठी 14 नंबरचा निम्फ लावला तर झटका ओळखायचीही सवय होते. आणि टिपेट बांधायची एक गाठ डोळे मिटून बांधता आली पाहिजे. पहाटे साडेपाचला गारठलेल्या बोटांनी तीच बांधायची असते.